पीटभूमीतील शोध

आयर्लंडच्या मोनाघन परगण्यात ब्रॅगन नावाची एक दलदल आहे. 1975 साली आयरिश रिपब्लिकन आर्मीने कोलंबा मॅकव्हे या 19 वर्षांच्या तरुणास ठार करून तेथे गुप्तपणे पुरले, असे मानतात. अशा बेपत्ता मृतांच्या शोधासाठी ब्रिटिश व आयरिश सरकारांनी 1999 साली एक आयोग नेमला. त्याला मिळालेली माहिती खटल्यात वापरता येत नाही; अवशेष आप्तांच्या हाती देणे, एवढेच त्याचे कार्य.

परंतु ही भूमी साधी नव्हे. पाण्यात शेवाळ पुरते न कुजता थरावर थर साचते, त्यास पीट म्हणतात. वर्षाकाठी त्याची वाढ जेमतेम एक मिलिमीटर! प्राणवायूच्या अभावामुळे व आम्लतेमुळे तेथे देहही टिकतो. पाण्याचा निचरा झाला, की मात्र पीट कुजू लागते आणि गाळ ओढ्यांत उतरतो. शिवाय याच डोंगरभागात, जमिनीवर घरटे करणाऱ्या हेन हॅरिअर या शिकारी पक्ष्यासाठी संरक्षित क्षेत्र आहे. अशा क्षेत्रास कामामुळे लक्षणीय बाधा पोचेल काय, याची चाळणी आधी लावावी, असा युरोपचा 1992 चा अधिवासविषयक निर्देश सांगतो.

एका मातेचा पुत्र शोधताना पाखरांची चिंता कसली, असे मलाही प्रथम वाटले. पण जुनी कबर ओळखायची ती थरांतील विस्कटीवरूनच. घाईने उपसले, तर दलदलीबरोबर ती खूणही जाते.

कोलंबाची आई 2007 साली वारली. 2023 च्या शोधातही तो सापडला नाही.