दारावरची जाळी : चाळणीपासून पनामा कालव्यापर्यंत (धागा)

१/ घराच्या दाराला साधी जाळी बसवताना तीन प्रश्न पडतात. वीण किती बारीक असावी? तार कशाची असावी? दार आपोआप मिटेल का? एके काळी याच प्रश्नांवर माणसांचे जीव अवलंबून होते.

२/ अमेरिकेतील कनेक्टिकट राज्यात ‘गिल्बर्ट अँड बेनेट’ ही कंपनी चाळण्यांसाठी तारेचे कापड विणत असे. १८६१ मध्ये यादवी युद्ध पेटले, दक्षिणेकडील बाजारपेठ तुटली आणि माल पडून राहिला. गंज चढू नये म्हणून रंग देऊन तोच माल खिडक्यांसाठी विकला जाऊ लागला. माश्या-डासांचा त्रास टळावा, एवढाच तेव्हा हेतू होता.

३/ २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादेत रोनाल्ड रॉस यांना डासाच्या जठरभित्तीत हिवतापाचे परजीवी दिसले. पुढच्याच वर्षी इटलीत ग्रासी आणि सहकाऱ्यांनी माणसाचा हिवताप ॲनोफिलिस डास पसरवतो, हे दाखवले. तरीही दलदलीच्या दूषित हवेनेच ताप येतो, ही जुनी समजूत सहजासहजी हटेना.

४/ १९०० मध्ये पॅट्रिक मॅन्सन यांच्या योजनेनुसार सॅम्बन आणि लो हे डॉक्टर रोमजवळच्या हिवतापग्रस्त प्रदेशात जाळीबंद लाकडी घरात राहिले. सूर्यास्तापूर्वी आत जायचे, सूर्योदयानंतर बाहेर पडायचे, क्विनाइन घ्यायचे नाही, असा नियम होता. जाळीतून हवा मुक्तपणे येत होती. डास येत नव्हते. हिवतापाचा हंगाम सरला, तरी दोघांना ताप आला नाही. दोष हवेचा नव्हता, हे यातून स्पष्ट झाले.

५/ त्याच वर्षी ग्रासींनी दक्षिण इटलीत रेल्वे कर्मचारी व त्यांच्या कुटुंबीयांच्या घरांना जाळ्या बसवल्या. अशा रीतीने संरक्षण मिळालेल्या ११२ जणांपैकी केवळ ५ जणांना हिवताप झाला.

६/ पनामात फ्रेंचांच्या कालवा-प्रयत्नात हजारो माणसे दगावली होती. त्यांच्या रुग्णालयात मुंग्या चढू नयेत म्हणून पलंगांचे पाय पाण्याच्या भांड्यांत ठेवत. खिडक्यांना मात्र जाळ्या नव्हत्या. मुंग्या थांबल्या, पण त्या साचलेल्या पाण्यात डास वाढले.

७/ १९०४ पासून अमेरिकेच्या वतीने तेथे आरोग्यव्यवस्था पाहणाऱ्या विल्यम गॉर्गस यांनी जाळ्या मागितल्या. वरिष्ठांना हा खर्च व्यर्थ वाटला. १९०५ मध्ये मुख्य अभियंता जॉन स्टीव्हन्स यांनी त्यांना पाठबळ दिले. दमट हवेत लोखंड गंजते, म्हणून तांब्याची जाळी वापरली गेली. धुरी देणे, साचलेले पाणी हटवणे आणि नळाने पाणी पुरवणे हीही कामे सोबत झाली. पीतज्वर वर्षा-दोन वर्षांत हटला.

८/ हे संरक्षण सर्वांच्या वाट्याला सारखे आले नाही. ‘सोनेरी’ वेतनपटावरील गोऱ्या कर्मचाऱ्यांच्या घरांचे व्हरांडेसुद्धा जाळीबंद होते. ‘रुपेरी’ वेतनपटावरील कॅरिबियन बेटांवरचे हजारो कृष्णवर्णीय मजूर मात्र जाळी नसलेल्या खोल्यांत वा झोपड्यांत राहत. कालवा खणण्याचे सर्वांत कष्टाचे काम त्यांच्याच हातून झाले.

९/ आजच्या निवडीची सूत्रे याच इतिहासात सापडतात. डासांसाठी इंचाला १६ ते १८ घरांची वीण पुरते. कोकणासारख्या खाऱ्या, दमट हवेत लोखंडी तारेऐवजी फायबरग्लास किंवा स्टेनलेस स्टील बरे. दाराखालची फट बुजवावी आणि बिजागरीला स्प्रिंग लावावी.

१०/ रोमजवळचा नियम ॲनोफिलिससाठी होता, कारण तो मुख्यतः रात्री चावतो. पनामात पीतज्वर पसरवणारा एडिस दिवसा चावतो, आणि आपल्याकडे डेंग्यूही तोच पसरवतो. म्हणून जाळीचे दार दिवसाही मिटलेले असावे लागते.