कोऱ्या सीडीचा इतिहास : डब्यावरचे नाव आणि आतली चकती

आजचा धागा गाणी ‘राइट’ करण्यासाठी आपल्या घरांत आणल्या जाणाऱ्या कोऱ्या सीडीविषयी. विषय क्षुल्लक वाटेल. पण नव्या शतकाच्या पहिल्या दशकात कित्येक मराठी घरांतल्या कॅसेटी या चकत्यांवर उतरल्या. त्यांत नाट्यसंगीत होते, खासगी मैफली होत्या, गावच्या सप्ताहातली कीर्तने होती. सीडी झाली म्हणून मूळ कॅसेटी रद्दीत गेल्या. त्यामुळे ‘कोणती कोरी सीडी भरवशाची?’ हा ग्राहकाचा प्रश्न आज साधनांच्या इतिहासाचा प्रश्न होऊन बसला आहे.

आधी रचना. बाजारात गाण्यांनी भरून मिळणाऱ्या सीडीवर खळगे साच्याने उमटवलेले असतात, त्यामागे अ‍ॅल्युमिनियमचा थर असतो. घरी राइट करायच्या सीडीत असे खळगे नसतात. तिथे पॉलिकार्बोनेटच्या १.२ मिलिमीटर जाडीच्या चकतीवर सेंद्रिय रंगद्रव्याचा अतिशय पातळ थर असतो, त्यावर परावर्तक धातू आणि त्यावर संरक्षक लॅकर. ७८० नॅनोमीटर तरंगलांबीचा लेसर त्या रंगद्रव्यावर उष्णतेने खुणा करतो. म्हणजे आपले संगीत वस्तुतः एका रंगावर लिहिलेले असते. आणि ऊन लागले की रंग उडतो, हे वाळत घातलेल्या कपड्यांवरून आपल्याला ठाऊकच आहे.

१९८० च्या दशकाच्या अखेरीस हे तंत्र जपानच्या ताइयो युदेन या कंपनीत साकारले. विद्युत्‌ घटक, विशेषतः कपॅसिटर, बनवणारी ही कंपनी. तिथल्या एमिको हामादा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सायनिन वर्गातले रंगद्रव्य वापरले. खरी अडचण नुसते लिहिण्याची नव्हती. लिहिलेली सीडी लोकांच्या घरी आधीच असलेल्या साध्या प्लेअरवर वाजायला हवी होती, आणि त्यासाठी परावर्तन भरपूर हवे. म्हणून सोने आले : ते प्रकाश चांगला परत फेकते आणि रंगद्रव्याशी रासायनिक भांडण करत नाही. फिलिप्स आणि सोनी यांनी १९९० मध्ये ‘ऑरेंज बुक’ या मानकाने या सीडीचे नियम बांधून दिले. सुरुवातीच्या सीडी हिरवट सोनेरी दिसत, त्याचे कारण हे.

पुढे रंगद्रव्यांची तीन घराणी झाली. सायनिन ताइयो युदेनचे. प्रकाशाला नाजूक, पण वेगवेगळ्या राइटरांशी जमवून घेणारे. मित्सुई तोआत्सुने थॅलोसायनिन आणले, जे उजेडात जास्त टिकते. मित्सुबिशी केमिकलने अझो वर्गातले गडद निळे रंगद्रव्य काढून ते व्हर्बॅटिम या आपल्या नाममुद्रेखाली विकले. त्या काळच्या शौकिनांत कोणते घराणे श्रेष्ठ यावर संगीतातल्या घराण्यांइतकेच वाद होत.

१९९५ मध्ये ह्यूलेट-पॅकार्डचा राइटर हजार डॉलरांच्या आत आला आणि कोऱ्या सीडीची मागणी झपाट्याने वाढू लागली. किंमत उतरवण्यासाठी सोन्याची जागा चांदीने घेतली. चांदी परावर्तनात कमी नाही, पण हवेतल्या गंधकाने ती काळवंडते. देव्हाऱ्यातली निरांजने घासणाऱ्या प्रत्येकाला हे माहीत आहे. लॅकर नीट बसले नसेल, कडेला फट राहिली असेल, तर तिथूनच क्षय आत शिरतो. तेव्हा रंगद्रव्याइतकाच कारखान्याचा काटेकोरपणाही निर्णायक ठरला.

ग्राहकाची फसगत झाली ती मात्र डब्यावरच्या नावामुळे. मोठ्या नाममुद्रांच्या अनेक कंपन्या सीडी स्वतः बनवत नव्हत्या. त्यांच्या डब्यांत कधी ताइयो युदेनचा माल असे, कधी तैवानच्या सीएमसी किंवा राइटेक यांचा. एकाच नावाचा, एकसारख्या छपाईचा डबा या महिन्यात जपानी तर पुढच्या महिन्यात तैवानी निघे. म्हणून जाणकार नाव न पाहता डब्याच्या तळाशी बारीक अक्षरांत छापलेला उत्पादक देश वाचत. आणखी एक खूण चकतीतच होती : कोऱ्या सीडीवर आधीच कोरलेल्या नागमोडी खोबणीत वेळेचे संकेत असतात आणि त्यांत उत्पादकाचा क्रमांक दडलेला असतो. ९७ मिनिटे २४ सेकंद म्हणजे ताइयो युदेन. संगणकावर एखाद्या छोट्या प्रोग्रॅमने तो वाचता येई. तोही पूर्ण पुरावा नव्हे, कारण साचा एकाचा आणि कारखाना दुसऱ्याचा असेही घडत असे. शिलालेखावर राजाचे नाव असते, पाथरवटाचे नसते, तशातलीच ही गत.

या कथेत भारत केवळ गिऱ्हाईक नव्हता. १९८३ मध्ये स्थापन झालेली मोझर बेअर इंडिया ही कंपनी जगातल्या मोठ्या सीडी उत्पादकांपैकी एक झाली. इतकी की २००३ मध्ये युरोपीय संघाने सरकारी अनुदानाचे कारण देऊन भारतीय कोऱ्या सीडींवर प्रतिशुल्क बसवले. पुढे याच कंपनीने २८ रुपयांना चित्रपटाची व्हीसीडी विकून बाजार हलवून सोडला.

‘म्युझिक सीडी’ असे छापलेल्या महाग सीडींविषयी मात्र माझे मत कडक आहे : त्या शब्दाचा गुणवत्तेशी संबंध नव्हता. अमेरिकेच्या १९९२ च्या ऑडिओ होम रेकॉर्डिंग कायद्याने संगीतासाठीच्या कोऱ्या माध्यमांवर तीन टक्के स्वामित्वशुल्क लावले. ते भरलेल्या सीडीवर एक संकेत असे आणि टीव्हीशेजारी ठेवायचे घरगुती सीडी रेकॉर्डर तेवढीच सीडी स्वीकारत. संगणकाच्या राइटरला त्याची गरज नव्हती. चार पैसे जास्त मोजून माणूस सूर नव्हे, कर विकत घेत होता. ९० आणि ९९ मिनिटांच्या सीडींचा मोहही तसाच. मानकाची मर्यादा ८० मिनिटांच्या आतली, त्यापुढची लांबी नियमाबाहेर जाऊन मिळवलेली.

संगीताच्या बाबतीत धोका अधिक, कारण तो ऐकू येत नाही. ऑडिओ सीडीत चुका दुरुस्त करण्याची गणिती योजना आहे. सेकंदाला २२० सदोष गट मानकाला मान्य आहेत. दुरुस्ती हरली तर प्लेअर आजूबाजूच्या नमुन्यांवरून मधला तुकडा अंदाजाने भरतो. गाणे चालू राहते, आणि आपण मूळ ऐकत आहोत असे वाटत राहते. डेटा सीडीत दर २,३५२ बाइटांपैकी २,०४८ च मजकुराला मिळतात, बाकीच्यांतला मोठा भाग दुरुस्तीच्या आणखी एका पातळीसाठी असतो. ऑडिओ सीडीत सगळे २,३५२ संगीतालाच जातात. म्हणून तेच गाणे ऑडिओ सीडी न करता फाइल म्हणून साठवणे अधिक सुरक्षित होते. प्लेअरवर वाजणार नाही म्हणून तसे करणारे विरळा.

इशारे वेळेत आले होते. २००३ मध्ये ‘पीसी अ‍ॅक्टिव्ह’ या डच मासिकाने ३० प्रकारच्या सीडी वीस महिन्यांनी पुन्हा तपासल्या, तेव्हा काही वाचण्यापलीकडे गेलेल्या आढळल्या. २००४ मध्ये अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेने उष्णता, दमटपणा आणि प्रकाश यांच्या चाचण्या प्रसिद्ध केल्या. त्यांत थॅलोसायनिन आणि सोने-चांदीच्या मिश्रधातूचा परावर्तक थर ही जोडी सर्वांत टिकाऊ ठरली. २००६ मध्ये युनेस्कोसाठी केव्हिन ब्रॅडली यांनी लिहिलेल्या अहवालाने तर अभिलेखागारांना अशा सीडींवर विसंबण्याच्या धोक्याची स्पष्ट जाणीव करून दिली. एनआयएसटीच्या मार्गदर्शिकेत साठवणीसाठी ४ ते २० अंश तापमान आणि २० ते ५० टक्के आर्द्रता सांगितली आहे. कोकणातल्या जुलै महिन्यासमोर हे आकडे वाचताना हसावे की रडावे कळत नाही.

आमच्या आजोळी अशा बावीस सीडी आहेत. मामांनी प्रत्येकीवर गोल कागदी लेबल चिकटवून सुरेख अक्षरांत गायकाचे नाव लिहिले आहे. लेबल ज्या बाजूला चिकटवले, तिथे लॅकरखाली लगेच धातू आणि रंगद्रव्य असते. चिकटवलेला कागद ओढला तर धातूच सोलून येतो. म्हणून लेबले तशीच ठेवून आम्ही त्या वाचल्या. एकोणीस निघाल्या.

मोझर बेअर २०१८ मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत अवसायनात गेली. ताइयो युदेनने २०१५ च्या अखेरीस सीडीचे उत्पादन थांबवले. मित्सुबिशीने व्हर्बॅटिमचा व्यवसाय २०१९ मध्ये सीएमसीला विकला; म्हणजे ज्यांचा माल टाळण्यासाठी शौकीन व्हर्बॅटिमकडे वळत, त्यांच्याकडेच ते नाव गेले. आता नवी कोरी सीडी निवडण्यापेक्षा जुनी वाचून घेणे निकडीचे आहे. घरात अशा सीडी असतील तर आधी त्या उजेडातून काढा. ‘एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी’सारख्या, तोच भाग पुन्हा पुन्हा वाचून ताडून पाहणाऱ्या प्रोग्रॅमने गाणी उतरवा. एका ड्राइव्हने हात टेकले तर दुसऱ्यावर लावून पाहा; एकाला न दिसलेली खूण दुसऱ्याला दिसते, हा आमचा तीन सीडींपुरता अनुभव आहे. आणि त्यावर हाताने लिहिलेले गायकाचे नाव, तारीख, गाव यांचा फोटो फाइलसोबतच ठेवा.