भैरवीच्या कॉपीची कॉपी

१९८४ साली मी बहरीनला आलो तेव्हा बॅगेत चार शर्ट, आईनं दिलेलं लोणचं आणि अठरा कॅसेट होत्या. लोणचं दोन महिन्यांत संपलं. कॅसेट मात्र वाढतच गेल्या. या दुकानातल्या कॅसेट नव्हेत हं. कुणाच्या तरी दिवाणखान्यात, कुठल्या तरी देवळात झालेल्या बैठकी कुणीतरी टेप केलेल्या, आणि आमच्यापर्यंत कॉपीची कॉपी होऊन आलेल्या.

हा नाद का लागतो, ते समजायला थोडं मागं जावं लागेल. १९०२ साली कलकत्त्यात गौहरजानच्या आवाजाचं तबकड्यांसाठी मुद्रण झालं, आणि पुढची पन्नासएक वर्षं आपलं संगीत तीन-साडेतीन मिनिटांच्या चौकटीत बसवलं गेलं. तासभराचा ख्याल तीन मिनिटांत! काहींनी ते कमाल साधलंही, अब्दुल करीम खाँ ऐका. पण भास्करबुवा बखले १९२२ साली गेले आणि अल्लादिया खाँसाहेब १९४६ साली. दोघांचाही आवाज आज आपल्याला ऐकायला मिळत नाही. मास्तर कृष्णराव, केसरबाई, मोगूबाई यांच्या गाण्यावरून गुरूंच्या गाण्याचा अंदाज बांधायचा, एवढंच हाती उरतं. आमच्या पिढीतल्या टेपवाल्यांच्या मनात ही हळहळ कुठंतरी असायचीच.

मग स्पूलचे टेपरेकॉर्डर आले आणि हौशी यजमान ते बैठकीत मांडू लागले. १९६३ साली फिलिप्सनं कॅसेट आणली आणि हा श्रीमंती शौक पुढं मध्यमवर्गाच्याही आवाक्यात आला. मुद्रण कसलं, तर माईक तबल्याजवळ, त्यामुळे गायकापेक्षा डग्गाच मोठा. मध्येच कुणाचा खोकला, रस्त्यावरची स्कूटर, पहिल्या रांगेतल्या काकांचं 'क्या बात है'. नव्वद मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू पंचेचाळीस मिनिटांची. ख्याल ऐन रंगात येतो आणि खट्ट! बाजू बदलेपर्यंत दोन आवर्तनं गेलेली. तरी सांगतो, स्टुडिओतल्या स्वच्छ रेकॉर्डमध्ये न सापडणारं काहीतरी त्यात असायचं. चुकलेली तान, ती सावरताना आलेलं हसू, फर्माइशीवरून झालेली गंमत.

आम्हा आखाती लोकांचं यात एक वेगळं स्थान होतं. उत्तम डबल डेक आणि कोऱ्या टीडीके कॅसेट मनामाच्या बाजारात सहज मिळत. पुण्या-मुंबईचे मित्र आमच्याकडे यंत्रं मागायचे, आम्ही त्यांच्याकडे गाणं मागायचो. डिसेंबरात रजा मिळालेला माणूस तर आमच्यात जहागीरदारच. १९५३ पासून चालत आलेला सवाई गंधर्व महोत्सव ऐकून तो परतला की त्याच्या घरी चहाला गर्दी. नोव्हेंबर १९८६ मध्ये कॉजवे खुला झाला आणि खोबरचे दोस्त गाडीनं येऊ लागले. एकदा एकानं उन्हात गाडीच्या काचेपाशी पिशवी ठेवली. सहा कॅसेटची कवचं पापडासारखी वाकली. त्याच्याशी आम्ही महिनाभर नीट बोललो नाही!

नियम लिहिलेले नव्हते, पण कडक होते. विकायचं नाही. कॉपीला कॉपी. मूळ टेप घराबाहेर जाणार नाही. वेष्टणावर राग, साथीदार, ठिकाण, तारीख लिहायची. त्यात चुका किती! 'मारवा' म्हणून आलेला पूरिया निघाला, त्यावर एक अख्खा शुक्रवार भांडण. प्रत्येक कॉपीगणिक खरखर वाढायची. चौथ्या पिढीला तानपुरा कुठला आणि एसी कुठला, कळेनासं व्हायचं.

दुसरी बाजूही सांगायला हवी. गाणाऱ्याला विचारलं होतं का? केसरबाईंना आपलं गाणं असं टेप झालेलं खपत नसे, असं सांगतात. त्याच केसरबाईंची साडेतीन मिनिटांची भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानातून अंतराळात गेली, हा योग पाहा. पुण्याच्या अलूरकर म्युझिक हाऊसनं मैफिलींची मुद्रणं रीतसर कॅसेटवर आणली, ती वाट खरी. कलावंताचा हक्क आपल्या कायद्यात आला तो १९९४ च्या दुरुस्तीनं. त्याआधी आणि नंतरही आम्ही जे केलं त्याला चोरी म्हणा, प्रेम म्हणा. मला दोन्ही शब्द पूर्ण पटत नाहीत.

माझा मुलगा पिंक फ्लॉइड आणि किंग क्रिमझनचा भक्त. तो म्हणतो, बाबा, तुम्ही आणि आम्ही एकच. किंग क्रिमझनची १९७२ ची एक थेट मैफिलींची तबकडी कॅसेटवरच्या मुद्रणातूनच निघाली. अमेरिकेत ग्रेटफुल डेडनं १९८४ साली टेप करणाऱ्यांसाठी वेगळी जागाच ठेवली. आणि माईक मिलार्ड नावाचा लॉस एंजेलिसचा एक पठ्ठ्या व्हीलचेअरमध्ये यंत्र लपवून न्यायचा. त्यानं १९७५ साली टेप केलेली पिंक फ्लॉइडची मैफल २०२५ साली खुद्द बँडनंच अधिकृतपणे काढली.

आणि आपलं बहरीन? सौत गाणारे इथले मोहम्मद बिन फारिस (१८९५-१९४७) १९३२ साली बगदादला जाऊन तबकड्या करून आले. मोती काढणाऱ्यांची फिजिरी गाणी मात्र जहाजावरची आणि दारातली, म्हणजे आपल्या बैठकीसारखीच. पॉल रोव्हसिंग ओल्सन हा डॅनिश संगीतज्ञ पन्नासच्या दशकाअखेर टेपरेकॉर्डर घेऊन आखातात आला आणि त्यानं ती टिपली. २००२ साली त्याचं बहरीनच्या संगीतावरचं पुस्तक सीडींसह निघालं, त्याच्या मृत्यूनंतर वीस वर्षांनी. फिजिरी २०२१ साली युनेस्कोच्या यादीत गेली.

आता माझा गुन्हा. १९८९ साली मुलगी बोलायला लागली. कोरी कॅसेट सापडेना, म्हणून हाताला आली ती घातली आणि बटण दाबलं. ती एका बैठकीची एकमेव कॉपी होती. गायकाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. मूळ टेप पुण्यात माझ्या मित्राकडे आहे, या भरवशावर मी दहा वर्षं निवांत होतो. ९९ साली कळलं, तो गेल्यावर वाड्याची जागा बिल्डरला देताना स्पूल भंगारात गेले, पांढरी बुरशी चढली होती म्हणे.

गेल्या वर्षी मुलीनं ती कॅसेट कॉम्प्युटरवर उतरवली. एकवीस मिनिटं तिचे बोबडे बोल, मागं प्रेशर कुकरच्या शिट्ट्या, आणि हिचा आवाज, 'अहो, बंद करा आता ते'. मग खट्ट. आणि थेट भैरवीचा शेवट, जेमतेम चार मिनिटं. मुलीनं मला विचारलं, "बाबा, दोन फाइली वेगळ्या करू?" मी नको म्हटलं.