'वस्तू' या शब्दाची चाळीस वर्षे

युरोपीय समुदायाने २५ जुलै १९८५ रोजी सदोष उत्पादनांच्या दायित्वाविषयी निर्देश काढला. उत्पादन म्हणजे जंगम वस्तू, अशी त्यातील व्याख्या. वीज मुठीत धरता येत नाही, म्हणून तिचा मुद्दाम उल्लेख. सॉफ्टवेअरचा मात्र नाही. भाषा शिकवणाऱ्या आम्हांला हे मौन अर्थपूर्ण वाटते.

त्याच वर्षी जूनमध्ये अमेरिकेत थेरॅक-२५ या कॅनडात बनलेल्या किरणोपचार यंत्राचा पहिला अपघात झाला होता. पूर्वीच्या यंत्रातील स्वतंत्र सुरक्षा-अडसर काढून त्यांचे काम सॉफ्टवेअरवर सोपवले होते. १९८७ पर्यंत सहा रुग्णांना किरणांची भयंकर मात्रा मिळाली, काही दगावले. रुग्ण भाजल्याचे सांगत होते आणि उत्पादक, असे होणे शक्यच नाही, असे म्हणत होता! पुढे दावे न्यायालयाबाहेर मिटले. पीडितांना भरपाई मिळाली असेल. पण सॉफ्टवेअर ही 'वस्तू' आहे काय, या प्रश्नावर निवाडा झालाच नाही.

२०२४च्या नव्या युरोपीय निर्देशाने सॉफ्टवेअरला स्पष्टपणे उत्पादन म्हटले. ९ डिसेंबर २०२६ नंतर बाजारात येणाऱ्या उत्पादनांसाठी तो आहे. व्यापारी व्यवहाराबाहेर दिले जाणारे मुक्त सॉफ्टवेअर त्यातून वगळले आहे, आणि ही सूट आम्हांला रास्त वाटते.