वरच्या मजल्यावरचा वर्ग
(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

१९७७ साली मी सात वर्षांचा होतो. मराठवाड्यातल्या आमच्या गावात शाळेचा पाचवीचा वर्ग वरच्या मजल्यावर भरायचा. माझ्या थोरल्या बहिणीचे, आपाचे, दोन्ही पाय पोलिओनं गेलेले. हेडमास्तर अम्मीला म्हणाले, "मुलीला आता घरीच शिकवा." अम्मी म्हणाली, "गुरुजी, जिना चढायची जबाबदारी माझी. शिकवायची तुमची." त्या दिवसापासून अम्मी आपाला कडेवर घेऊन रोज सकाळी वर पोचवायची, संध्याकाळी खाली आणायची. अख्खा मोहल्ला तिचं कौतुक करायचा. पण वर्ग खाली आणा, असं काही कुणी म्हटलं नाही. आम्हाला ते सुचलंच नाही.

पुष्कळ वर्षांनी वाचनात आलं की त्याच साली दूर अमेरिकेत काही माणसं हेच म्हणण्यासाठी एका सरकारी इमारतीत ठाण मांडून बसली होती. आज ती हकीकत सांगायची आहे.

तिची सुरुवातही एका आईपासूनच होते. कॅलिफोर्नियातल्या एड रॉबर्ट्सला १९५३ साली, चौदाव्या वर्षी पोलिओ झाला. मानेखालचं शरीर जवळजवळ निकामी झालं. श्वासासाठी त्याला लोखंडी पेटीसारख्या यंत्रात झोपावं लागे. तशाही स्थितीत त्यानं शालेय अभ्यासक्रम पुरा केला, तर प्रमाणपत्र अडलं. कारण काय? शारीरिक शिक्षण आणि मोटार चालवणं हे दोन विषय झाले नव्हते! त्याची आई झोना शिक्षण मंडळापर्यंत भांडली आणि प्रमाणपत्र घेऊनच थांबली.

१९६२ साली एड बर्कलेच्या विद्यापीठात दाखल झाला. ते अवजड यंत्र वसतिगृहात ठेवण्याची सोय नव्हती, म्हणून त्याला विद्यापीठाच्या इस्पितळात खोली मिळाली. हळूहळू चाकाच्या खुर्चीवरचे आणखी विद्यार्थी तिथं राहायला आले. त्यांच्या रात्रीच्या गप्पांतून एक विचार पुढं आला. आपण रोगी नाही. आपल्याला दया नको, राहायला घर, मदतीला माणूस आणि चढायला उतार हवा. १९७२ साली बर्कलेत स्वतंत्र जीवनासाठीचं केंद्र उभं राहिलं. मदतनीस शोधून देणं, चालेल असं घर मिळवणं, खुर्च्यांची दुरुस्ती अशी कामं तिथं होत, आणि कारभार अपंग माणसांच्याच हाती होता. स्वातंत्र्य म्हणजे सगळं आपल्या हातानं करणं नव्हे. एडला कपडे घालायलाही दुसरा माणूस लागे. पण कुठले कपडे घालायचे, किती वाजता उठायचं, कुठं जायचं, हे तो ठरवत होता. ज्या पुनर्वसन खात्यानं एकेकाळी त्याला नोकरीस अपात्र मानलं होतं, त्याच खात्याचा तो १९७५ साली संचालक झाला.

दरम्यान १९७३ साली अमेरिकेत एक कायदा झाला होता. त्याच्या ५०४ व्या कलमानुसार, केंद्र सरकारचा पैसा जिथं लागतो तिथं अपंगत्वाच्या कारणानं कुणाला वगळता येणार नव्हतं. परंतु चार वर्षं नियमांवर सहीच होईना. अखेर ५ एप्रिल १९७७ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत दीडशेच्या आसपास माणसं संबंधित खात्याच्या कचेरीत शिरली आणि तिथंच राहिली. पुढारी होती ज्युडी ह्यूमन. हिलाही पोलिओ झालेला. लहानपणी 'आग लागली तर हिची खुर्ची अडचण होईल' म्हणून शाळेनं तिला परत पाठवलं होतं.

कचेरीचे फोन तोडण्यात आले. तेव्हा कर्णबधिर आंदोलक खिडकीतून खुणांच्या भाषेत बाहेर निरोप देऊ लागले. ब्लॅक पँथर या कृष्णवर्णीयांच्या संघटनेचे लोक रोज गरम जेवण आणून देत. ज्यांना औषध, कूस बदलायला माणूस, श्वासाला यंत्र लागतं, अशी माणसं तीन आठवड्यांहून अधिक काळ जमिनीवर झोपली. २८ एप्रिलला सही झाली.

आपल्याकडे या हक्कांचा कायदा १९९५ साली झाला. पण रस्ते आणि इमारती सुगम करण्याला त्यात आर्थिक कुवतीची मर्यादा होती. २००७ साली भारतानं संयुक्त राष्ट्रांच्या करारास मान्यता दिली. २०१६ च्या कायद्यानं अपंगत्वाचे प्रकार सातावरून एकवीसवर नेले आणि सरकारी नोकऱ्यांतलं आरक्षण तीन टक्क्यांवरून चार टक्के केलं. नियम लागू झाल्यापासून पाच वर्षांत जुन्या सार्वजनिक इमारती सुगम करायच्या होत्या. ती मुदत २०२२ साली उलटली. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं की सुगमतेचे निकष ऐच्छिक नव्हेत, बंधनकारक हवेत. २०११ च्या जनगणनेत आपल्या देशात अपंग व्यक्तींची नोंद दोन कोटी अडुसष्ट लाख होती. त्यांच्या घरची माणसं धरा, म्हणजे प्रश्न किती उंबरठ्यांचा आहे ते कळेल.

अम्मीची पाठ पुढं कायमची दुखावली. ती गेल्यावर मी तिच्या पाठीवर एक कविता लिहिली आणि आपाला वाचून दाखवली. पुष्कळ सभांतून या कवितेला दाद मिळाली होती. आपा ऐकून थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "कविता चांगली आहे रे. पण हिच्यात मी नुसती ओझं आहे. जिन्याचं नाव कुठंच नाही." मी ती कविता पुन्हा वाचली नाही.

२०२४ च्या लोकसभा निवडणुकीत अपंगांना घरूनच मतदानाची सोय होती. मी अर्ज भरायला निघालो, तर आपानं अडवलं. "केंद्र तळमजल्यावर आहे का, उतार आहे का, तेवढं बघून ये." दोन्ही होतं. ती खुर्ची स्वतः ढकलत आत गेली. मी बाहेर उभा राहिलो. बाहेर आली तेव्हा मी विचारलं, "कुणाला दिलंस?"

ती म्हणाली, "ते तुला कशाला सांगू?"