सुई कातडीत, खेळ मेंदूत

ॲक्युपंक्चरचा विषय निघाला की एक गोष्ट मी हमखास ऐकतो. चीनमध्ये एका अमेरिकन पत्रकाराचं ऑपरेशन म्हणे भूल न देता, नुसत्या सुया टोचून केलं! गोष्ट भारी आहे, पण खरी नाही.

पत्रकार होते न्यूयॉर्क टाइम्सचे जेम्स रेस्टन. जुलै १९७१ मध्ये बीजिंगला त्यांचं अपेंडिक्स काढलं, ते नेहमीचं भुलीचं इंजेक्शन देऊनच. सुया टोचल्या नंतर, पोटात गॅस धरून दुखायला लागलं तेव्हा. आराम पडला, तसं त्यांनी पेपरात लिहिलं. पुढच्या वर्षी निक्सन चीनला गेले आणि पश्चिमेत सुईची लाट आली.

आता प्रश्न असा, की टोचायचं कोपराला आणि थांबायचं पोटातलं दुखणं, हे कसं काय?

बीजिंगचे हान जिशेंग १९६५ पासून याच्याच मागे होते. त्यांनी एका सशाला ॲक्युपंक्चर दिलं आणि त्याच्या मेंदूभोवतीचा द्रव दुसऱ्या सशात सोडला. दुसऱ्याचीही वेदना सोसायची ताकद वाढली! म्हणजे मेंदूत काहीतरी रसायन सुटत होतं. १९७५ मध्ये स्कॉटलंडला ह्यूज आणि कॉस्टरलिट्झ यांनी एन्केफेलिन शोधलं. शरीराची घरचीच अफू म्हणा ना! १९७७ मध्ये अमेरिकेत मेयर आणि सहकाऱ्यांनी अफूचा परिणाम अडवणारं नॅलोक्सोन दिलं, तर सुईचा गुणही गेला.

झालं सिद्ध? थांबा जरा.

१९७८ मध्ये अक्कलदाढ काढलेल्या पेशंटना खोटं औषध दिलं. काहींना त्यानेही बरं वाटलं, आणि नॅलोक्सोन दिल्यावर तेही बरं वाटणं ओसरलं. म्हणजे नुसत्या भरवशानेही मेंदू तीच अफू सोडतो. १९९८ मध्ये एक निबंध गाजला, की पायावरचा ‘डोळ्याचा बिंदू’ टोचला की मेंदूतला दृष्टीचा भाग जागा होतो. २००६ मध्ये तो मागे घेतला गेला.

२००७ ची जर्मन चाचणी तर बघाच. कंबरदुखीचे ११६२ पेशंट. सहा महिन्यांनी फरक पडला तो असा: खऱ्या बिंदूंवर सुया, ४७.६ टक्के; भलत्याच जागी वरवर टोचलेल्या सुया, ४४.२ टक्के, नेहमीचे उपचार, २७.४ टक्के.

माझ्या मते यातून दोन गोष्टी निघतात. सुईने दुखणं कमी होतं हे थोतांड नाही, मेंदू खरंच काम करतो. पण नेमक्या बिंदूंचं आणि ‘ची’च्या वाहिन्यांचं शास्त्र त्याने सिद्ध होत नाही.

हे आपल्याला का हवं? सोलापूरच्या डॉ. कोटणीसांबरोबर १९३८ साली चीनला गेलेले डॉ. बसू पुढे हीच विद्या शिकून आले आणि ती भारतात रुजवली. महाराष्ट्राने तर ॲक्युपंक्चरसाठी वेगळा कायदाही केलाय. सरकारी मान्यता मिळाली की पाटीवर कंबरदुखीच्या शेजारी डायबेटिस, लकवा, थायरॉईड सगळंच चढायला वेळ लागत नाही. वेदना मेंदूत जाणवते, तिथे सुईला वाव आहे. रक्तातली साखर भरवशावर उतरत नाही.

कंबर धरली असेल तर खुशाल जा. पण चालू गोळ्या बंद करा म्हणणारा भेटला, तर तिथूनच परत फिरा.