कोळीगीत कुणाचं? गाणं लिहिणाऱ्यांनी आणि गाणाऱ्यांनी कोणते कागद सांभाळावेत

वरळी कोळीवाडा : जमिनीला सातबारा असतो, होडीला नंबर असतो. मग गाण्याला काय असतं? वरळी कोळीवाड्यापासून आपल्या तालुक्यातल्या बंदरांपर्यंत हळदीची रात्र कोळीगीतांशिवाय सरत नाही. आता हीच गाणी यूट्यूबवर जातात, त्यातून पैसा होतो. तो पैसा ज्यानं गाणं रचलं त्याच्या घरी येतो का, हा खरा प्रश्न आहे. म्हणून ही माहिती.

पारंपरिक गाणं वेगळं, रचलेलं गाणं वेगळं

आजीच्या तोंडून आलेलं, कुणी रचलं ते ठाऊक नसलेलं जुनं गाणं कुणा एकाच्या मालकीचं नसतं. ते कोणीही गावं. पण जुन्या चालीवर तुम्ही नवे शब्द लिहिले तर ते शब्द तुमचे. चाल नवी बांधली तर चाल तुमची. रेकॉर्डिंगचा हक्क ते काढणाऱ्या निर्मात्याचा, आणि गाणाऱ्याचा त्याच्या गाण्यावर वेगळा हक्क. म्हणजे एका गाण्यात चार वाटेकरी असू शकतात.

इथेच लोक फसतात. ‘मी डोलकर’ हे गाणं कित्येकांना लोकगीतच वाटतं. प्रत्यक्षात शब्द शांता शेळके यांचे, चाल हृदयनाथ मंगेशकरांची. शांताबाई 2002 साली गेल्या. कवी-संगीतकाराचा कॉपीराइट त्यांच्या मृत्यूनंतर 60 वर्षं चालतो, म्हणजे त्या शब्दांचा हक्क 2062 अखेरपर्यंत आहे. रेकॉर्डिंगचा हक्क प्रसिद्ध झाल्यापासून 60 वर्षं, तर गायकाचा 50 वर्षं.

उलटंही घडतं. 2020 साली रॅपर बादशाहच्या ‘गेंदा फूल’मध्ये एका बंगाली गाण्याच्या ओळी लोकगीत समजून घेतल्या गेल्या. ते गाणं बीरभूमचे लोककलावंत रतन कहार यांचं, असं समोर आल्यावर टीका झाली आणि नंतर बादशाहनं त्यांना पाच लाख रुपये दिले. कहारांकडे आधीपासून नोंद असती तर वाट पाहावी लागली नसती.

सही करण्याआधी

1. करार लेखीच हवा. तोंडी बोलण्यानं हक्क दुसऱ्याच्या नावावर होत नाही.
2. मुदत लिहिलेली नसेल तर कायद्यानं ती पाच वर्षं धरतात. प्रदेश लिहिलेला नसेल तर फक्त भारत.
3. ‘एकरकमी पैसे घेतले, आता काही मागणार नाही’ असं लिहून घेतलं तरी घाबरू नका. 2012 च्या दुरुस्तीनंतर गीतकार आणि संगीतकाराला रॉयल्टीचा हक्क असा सोडून देता येत नाही. तो वारसाला किंवा कॉपीराइट सोसायटीलाच देता येतो.
4. गीतकार-संगीतकारांची सोसायटी म्हणजे आयपीआरएस. तिथे सभासद होऊन गाण्यांची नोंद करावी लागते, तेव्हाच वाटा येतो.

नोंदणी कशी?

कॉपीराइट गाणं लिहिताक्षणी मिळतो, नोंदणी सक्तीची नाही. पण भांडण झालं तर नोंद हाच पुरावा. अर्ज कॉपीराइट कार्यालयाच्या संकेतस्थळावर ऑनलाइन होतो. शब्द किंवा चालीला 500 रुपये, रेकॉर्डिंगला 2000 रुपये फी आहे. बँडचं किंवा पार्टीचं नाव जपायचं असेल तर तो ट्रेडमार्कचा विषय. त्याचं मुख्य कार्यालय मुंबईतच, अँटॉप हिलच्या बौद्धिक संपदा भवनात आहे. नोंद दहा वर्षं टिकते, मग नूतनीकरण.

हळदीला गाणं वाजवलं तर?

लग्नाची वरात आणि लग्नाशी जोडलेले समारंभ यांना कायद्यात सूट आहे. जुलै 2023 मध्ये केंद्र सरकारनंही तसं जाहीर केलं. गोवा सरकारचं असंच एक परिपत्रक मात्र ऑगस्ट 2024 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठानं रद्द केलं. त्यामुळे हॉलवाल्यानं पैसे मागितले तर कायद्याचं कलम 52 दाखवा आणि पावतीशिवाय काही देऊ नका. तिकीट लावलेल्या ऑर्केस्ट्राला मात्र ही सूट नाही.

आपलं साधं काम

माझा एक फोटो एका मोठ्या माध्यमानं नाव कापून छापला होता. माझ्याकडे तारखेसकट मूळ फाईल होती, म्हणून निदान नाव तरी लागलं. गाण्याचंही तसंच. वहीत शब्द लिहा, तारीख टाका, मोबाईलवर गाऊन रेकॉर्ड करा आणि ते स्वतःलाच ईमेल करा. कोळीवाड्यातल्या जुन्या जाणत्या बायकांकडची गाणीही त्यांच्या नावासकट लिहून ठेवा. सातबारा वेळेवर न पाहिल्यानं जमिनी गेलेली घरं आपण बघितलीत. गाण्यांचं तसं होऊ देऊ नका.